म्हशीपुढच्या गाडीवरून वाळूत

आमच्या कसबा बावड्यात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन पुढं सुटायचं. म्हैस आपल्या गाडीचा आवाज ओळखते आणि मागं धावत येते. दोरी नाही, काठी नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगाला माणसं उभी असतात. गाडी चालवणाऱ्याचं मुख्य काम मागं बघणं. म्हैस लांब राहिली तर वेग कमी करायचा, जवळ आली तर वाढवायचा. पुढचा रस्ता काय, तो असतोच.

नव्वद सालानंतर एका दिवाळीआधी माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, पायावर म्हशीनं पाय दिला आणि ते घरी बसले. आम्हाला दोन्ही मुलीच. धाकटी म्हशीला घाबरायची. थोरली रोज किटल्या लावून मोटारसायकलवरून दूध घालायला जायची, म्हणून मी तिलाच म्हटलं, जा घेऊन. दुसरं कोण होतं?

पाडव्याला ती निघाली तेव्हा गर्दीतला एक जण ओरडला, "आरं, पोरगीच्या मागं म्हस पळतीया!"

मालक पाय लांब करून कट्ट्यावर बसले होते. ते म्हणाले, "तुझ्या मागं तुझी बायको बी येत न्हाय. गप बघ की."

म्हैस चाकाला चिकटून पळाली. त्या दिवसापासून आमच्या घरची गाडी तिच्याकडंच राहिली.

माझ्या बहिणीचा मुलगा कागलच्या एमआयडीसीत फिटर होता. रविवारी तो मातीतल्या मोटारसायकल शर्यतीत पळायचा. गावाबाहेरच्या माळावर ट्रॅक्टरनं उंचवटे करायचे आणि त्यावरून गाड्या उडवायच्या, असला तो खेळ. तीनचार पाडवे त्यानं थोरलीला बघितलं आणि एके दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "मावशी, हिच्या हातात गाडी हाय. हिला शर्यतीत घालूया."

"हाडं मोडली तर?"

"मी हाय की."

"तू नटबोल्ट बघतोस. हाडाचं तुला काय कळतंय?"

पण पोरगीचं तोंड बघितलं तर तिनं आधीच ठरवलेलं दिसत होतं. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणून ऐकणारी ती नव्हती आणि उगाच तोंडाची वाफ दवडायची मला सवय नाही.

पहिल्या शर्यतीत ती सुटली ती सगळ्यांच्या पुढं. मला बरं वाटलं. पहिलं वळण आलं आणि बाईसाहेबांनी मान मागं वळवली. गाडी सरळ जाऊन कडेला रचलेल्या टायरांत घुसली. उठली, परत निघाली, पुढच्या वळणावर परत तेच. भाचा कडेनं पळत ओरडत होता, "अगं, मागं म्हस न्हाय! म्हस न्हाय मागं!" सगळा माळ हसला. मीही हसले. हसण्यासारखंच होतं.

पुढच्या शर्यतीतही तेच झालं. सांगून कळत होतं, पण मागून इंजिनाचा आवाज आला की मान आपोआप वळायची.

वैरणीचे भारे वाहून माझी मान धरायची, म्हणून डॉक्टरांनी मला गळ्याचा पट्टा दिला होता. मी तो काढून तिच्या गळ्यात आवळला. आता वळव म्हटलं. वळेना.

उन्हाळ्यात भाच्यानं दुसरी बातमी आणली. राजस्थानात वाळवंटात हौशी लोकांची शर्यत असते, नवीन माणसालाही घेतात. आमची काळी माती, वाळू कुठली आणायची? माझं माहेर जयसिंगपूरच्या बाजूला, कृष्णेच्या काठी. उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की वाळू मिळते. तिथं भावाच्या घरी मुक्काम टाकला. वाळूत गाडी मातीसारखी ऐकत नाही. पुढचं चाक रुतू नये म्हणून मागं सरकून बसायचं आणि जीव घाबरला तरी वेग सोडायचा नाही. सोडला की गाडी बसलीच. पट्टा लावून ती पडली, उठली, पडली. भावजय म्हणाली, "वन्सं, पोरगीचं लगीन करायचं सोडून हे काय?" मी म्हटलं, "लगीन काय, वाळू पाण्याखाली गेल्यावर बी करता येतंय." पाऊस लागायच्या आधी ती पट्ट्याशिवाय सरळ बघायला लागली.

पोरगी एकटी कशी पाठवायची, म्हणून थंडीत भाच्याबरोबर मीही गेले. गाडीतलं पेट्रोल काढून, गाडी पोत्यात गुंडाळून रेल्वेनं पाठवली. तिथं तंबू होते, परमुलखातली माणसं होती आणि डोळ्यांत वाळू. दोन दिवसांची शर्यत. ज्याची गाडी बंद पडेल किंवा वेळ संपेल त्याला मागून येणारा ट्रक गाडीसकट उचलून आणायचा.

पहिल्या दिवशी दुपारी ट्रक आला आणि त्यावर आमची पोरगी होती. गाड्यांच्या मधे, तोंड पलीकडं करून बसलेली. हँडल वाकलं होतं, क्लचचा दांडा मोडला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागं गाडी वाजली."

मला पुढचं विचारायची गरज नव्हती.

गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस तिथं सगळ्यांवर देखरेख करत होता. त्यानं सांगितलं, उद्या पळू शकते, पण उद्याही ट्रकवरून आली तर पुढच्या वर्षी नाव घेणार नाही. तिला नंबर नको होता. स्वतःच्या चाकांवर शेवटच्या झेंड्यापलीकडं यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. गेल्या उन्हाळ्यापासून दुसरं काही नव्हतंच.

भाचा क्लचला जवळचा जादा दांडा बसवून, दगडावर ठेवून हँडल ठोकत बसला. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आये, घरला जाऊया."

"तिकीट परवाचं हाय. उद्या नुसती बसून काय करणार?"

मी पिशवीतून गळ्याचा पट्टा काढला.

"ह्यो नको. हसतील सगळी."

"आज हसलीच की. उद्या नवीन काय हाय त्यात?"

सकाळी तिनं हेल्मेट घातलं, पट्टा माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "जातो मी." गेली. मला राग आला, पण पट्टा घेऊन वाळूत तिच्या मागं पळायचं माझं वय नव्हतं.

मग नुसतं बसणं. झेंड्याजवळ पहिल्या गाड्या आल्या, त्यांचं कौतुक झालं. मग एकेक करत बाकीच्या आल्या. लांबून ट्रक दिसला तसा भाच्यानं हातातला पाना खाली टाकला. ट्रक थांबायच्या आत मी चाकावर पाय देऊन वर चढले. चार गाड्या होत्या, चार बाप्ये होते. आमची नव्हती. शिट्टीवाला "माताजी, उतरिए, गिर जाएँगी" म्हणून ओरडायला लागला. उतरले. मग दुसरी धास्ती लागली, की ट्रकवर नाही तर गेली कुठं? भाचा म्हणाला, "मावशी, ट्रकवाल्याला रस्त्यात घावली न्हाय म्हंजे चुकली आसंल."

"नीट बोल की तोंडानं."

शिट्टीवाला घड्याळ बघायला लागला. झेंडा काढायला माणूस उठला. तेवढ्यात टेकाडाच्या पलीकडून आमच्या गाडीचा आवाज आला. तो मला झोपेतही कळतो. ती वर आली, खाली आली, सरळ झेंड्यापलीकडं गेली आणि थांबायचं विसरून भाच्याच्या अंगावर जाता जाता राहिली. तोंडावर इतकी वाळू की दात तेवढे दिसत होते.

ती खाली उतरायच्या आधीच मी विचारलं, "मागं बघितलंस?"

"बघितलं की."

"आणि पडली न्हाईस?"

"मागं गाडी वाजली, मान वळाय लागली. म्हटलं, वळणारच हाय तर निवांत वळू दे. टेकाडावर गाडी उभी केली, पाय टेकलं, पोटभर बघितलं. त्येला पुढं जाऊ दिलं. मग निघालो."

"थांबायला येळ हुता का?"

"न्हवता. पण पडून उठण्यापरास कमी लागला. वाट चुकलो त्यात जास्त गेला."

भाचा डोक्याला हात लावून वाळूत बसला. शर्यतीत असं कुणी थांबत नाही म्हणे. नसतील थांबत. वाट चुकलेले आणखी दोघंच तिच्या मागून आले, बाकी सगळे तिच्या पुढं. पण तंबूवर लावलेल्या कागदात आलेल्यांमधे तिचं नाव होतं. तिनं ते बोट ठेवून मला दाखवलं. आडनाव चुकीचं लिहिलं होतं. मी म्हटलं, असू दे.

जेवायला बसली तर माझ्या ताटातल्या भाकरीपर्यंत गेली. खर्ड्यात वाळू कचकचत होती, तीही खाल्ली. शिट्टीवाला आमच्याजवळून चालला होता. मी भाच्याला म्हटलं, "ह्येला हिंदीतनं इचार, पुढल्या वर्षी कवा हाय. आणि म्हणावं, जरा लवकर कळव. आमच्यात तवा म्हशीच्या वैरणीला उसाचं वाडं आणायची घाई आसती."