मीटरमामा आणि आक्काचा दिवा

बाजाराच्या मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथे रेडिओ येणं कधीच बंद झालं, पण पाटी उतरवायला अजून कुणाला सवड झालेली नाही. दुकानाच्या मालकाला लहानथोर सगळे मीटरमामा म्हणतात. लाल-काळ्या वायरींचा, वीज मोजायचा मीटर त्याच्या गळ्यात इतकी वर्षं लटकतोय, की तो काढून ठेवला तर मामा उघडा दिसेल.

गिऱ्हाइकाला काहीही विचारायचं नाही, हा मामाचा दुकानदारीतला एकमेव नियम. तरुणपणी तो विचारायचा. 'काय झालं होतं?' 'काही नाही हो, आपोआप बंद पडला.' उघडून बघावं तर आत चहा सांडलेला, नाहीतर घरच्या कुणीतरी स्क्रू फिरवून बघण्याचा उद्योग केलेला. असं शेकडो वेळा झाल्यावर मामाने माणसांचा नाद सोडला. वस्तू टेबलावर ठेवा आणि गप्प उभे राहा. माणूस थापा मारतो, मीटर मारत नाही. गिऱ्हाईक दोन शब्द जास्त बोलायला लागलं की मामा रेडिओचा आवाज मोठा करायचा. त्यामुळे लोक त्याला तुसडा म्हणायचे, आणि तो होताच.

रेडिओ गेले तसा मामा दिव्यांकडे वळला. घरोघरी वापरून फेकलेले एलईडी बल्ब तो गोळा करतो. बल्ब मरतो तेव्हा आतले उजेड देणारे सगळे दाणे मरत नाहीत. एखाद-दुसरा काळा पडतो आणि त्याच्यापायी बाकीचे बसून राहतात. मामा दाण्यांखालचा पत्रा तापवून चांगले दाणे चिमट्याने उचलतो, प्रत्येकाला मीटर लावून बघतो आणि तीन-तीन दाण्यांच्या रांगा करतो. दाण्यांना झेपेल तेवढीच वीज जावी म्हणून दर रांगेला एक रेझिस्टर. स्कूटरची जुनी पण जीव असलेली बॅटरी. वर एक लहानसं सोलर पॅनेल, आणि मध्ये एक डायोड, म्हणजे दिवसा साठवलेली वीज रात्री उलटी पॅनेलकडे जायची नाही. एवढाच सगळा कारभार. विजेच्या तारा जिथे पोचल्या नाहीत तिथे, वीटभट्टीवरच्या खोल्यांत, पंपघरांत, मामाचे दिवे वर्षानुवर्षं जळत आहेत. एकही परत आलेला नाही, असं तो सांगत नाही, पण कुणी सांगितलं तर ऐकून घेतो.

परत आला तो सख्ख्या बहिणीचा.

आक्का त्याच्याहून मोठी. नवरा गेल्यापासून ती उतारावरच्या घरात एकटी राहायची. विजेचा शेवटचा खांब तिच्या घराच्या बराच अलीकडे थांबलेला. तिचा मुलगा शहरात बस चालवतो. एकदा आक्का अंधारात पडली, मनगट मोडलं आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. मुलाने धसका घेतला. तो म्हणाला, "घरात उजेड होत असेल तर राहा. नाहीतर माझ्याकडे चल." त्याच्याकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, जिथली एकुलती एक खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. आक्का तिथे एकदा राहून आली होती. "तिथे मी झुरून मरेन रे," तिने भावाला सांगितलं, आणि आक्का उगाच बोलणारी बाई नव्हती.

मामाने जीव ओतून दिवा केला. दाणे निवडून घेतले, सांधे दोनदा तपासले. दुकान बंद करून संध्याकाळी तो आक्काकडे गेला, अंगणातल्या पत्र्यावर हाताला येईल असं पॅनेल बसवलं, बाहेरच्या खोलीत आयता हूक होता त्याला दिवा टांगला. आक्काला दोनच गोष्टी सांगितल्या. "याला रोज ऊन दाखवायचं. आणि नाजूक आहे, जप."

दिवा चार दिवस लख्ख जळला. मग जेवणं होईपर्यंतच टिकायला लागला, मग भाजी चिरून होईपर्यंत. मामाने बॅटरी काढून आणली, दुकानात भरली, नेऊन लावली. पुन्हा तेच. बॅटरी बदलली. डायोड बदलला. वायर बदलली. पॅनेल दुकानात आणून टेबलाजवळच्या उन्हात धरलं तर मीटरचा आकडा अगदी हवा तसा. प्रत्येक वेळी तो संध्याकाळी जायचा, मान खाली घालून काम करायचा आणि यायचा. आक्का कंदील धरून शेजारी उभी राहायची. वीटभट्टीवर ज्याचा दिवा जळतो त्याचा घरच्या माणसाच्या घरात जळत नाही, हे मामाच्या जिव्हारी लागलं. त्याची झोप उडाली, गिऱ्हाइकांवर तो जास्तच खेकसायला लागला.

शेवटी भाच्याने फोन केला. "मामा, खरं सांगा. भरवसा ठेवू का?"

"माझ्याच्याने होत नाही," तो म्हणाला. आयुष्यात हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

सुट्टीच्या दिवशी भाचा टेम्पोवाल्याला घेऊन आला. सामान हलवायचं म्हणून मामाही गेला, भर दुपारी. ट्रंक, गाद्या, भांड्यांचं पोतं टेम्पोत चढलं. आक्का ओट्यावर हात बांधून बसली होती. मामाला तिच्याकडे बघवेना. निदान आपलं पॅनेल काढून घ्यावं म्हणून तो अंगणात गेला आणि थबकला.

पॅनेलवर खोळ होती. जुन्या गोधडीची, चारी कडांना पट्टी लावून शिवलेली, खाली नाड्यांनी बांधलेली. शिवण इतकी नेटकी की उशीला शोभली असती.

"आक्का, हे काय?"

"खोळ."

"ते दिसतंय. कशाला घातलीस?"

"म्हणजे काय? तूच म्हणालास जप म्हणून." आक्का ओट्यावरून उठून आली. "रोज सकाळचं कोवळं ऊन दाखवते, एक दिवस चुकले नाही. ऊन वर चढलं की झाकते. या रणरणत्या उन्हात चांगल्या चांगल्या वस्तूंचा रंग उडतो. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी काढते. का रे?"

मामाने कपाळाला हात लावला. तान्ह्या मुलाला दाखवावं तसं ती पॅनेलला ऊन दाखवत होती, आणि आपण तिला सांगितलं होतं तेही तेवढंच. त्याला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा किती तरी जास्त, आनंद झाला. खोळ सोडताना त्याची बोटं नाड्यांत अडकत होती. पॅनेल उन्हात उघडं पडलं, त्याने मीटर लावला, आकडा सरसर वर गेला.

"सामान उतरव," त्याने भाच्याला हाक मारली.

भाचा घामाघूम होऊन टेम्पोला टेकला होता. "मामा, परवा तुम्हीच हात टेकलेत ना?"

"टेकले होते. चुकलं माझं. दिव्यात काही खोट नाही, याला दुपारचं ऊनच मिळत नव्हतं."

"आणि उद्या दुसरंच काही निघालं तर?" भाच्याचा आवाज चढला. "आई रात्रभर पडून होती, मामा. दूधवाला आला म्हणून कळलं. तुम्हाला दिव्याची पडली आहे, मला आईची पडली आहे."

एरवी मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. तो आक्काकडे वळला.

"आक्का, तू पडलीस ती कुठे?"

"मागच्या पायऱ्यांवर. मोरीकडे जाताना."

"मागच्या?" मामाने विचारलं. "मग मी दिवा बाहेरच्या खोलीत लावला तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलायला लागले होते. तू म्हणालास, आक्का, मध्ये बोलू नकोस, वायर सुटते." आक्काने पदराने तोंड पुसलं. "बाहेरच्या खोलीत मी झोपते रे. झोपलेल्या माणसाला उजेड कशाला?"

भाचा आधी हसला, मग हसायचा थांबला. आईला उजेड नेमका कुठे हवा, हे त्यानेही कधी विचारलं नव्हतं. टेम्पोवाल्याला थांबायला सांगून त्याने ट्रंक खाली ओढली, पण घरात नेली नाही, ओट्यावर ठेवली. "आधी लावा तिथे," तो म्हणाला. "अंधार पडल्यावर आई त्याच्या उजेडात वर-खाली करून दाखवू दे. मग बघू."

मामाने हुकावरून दिवा काढला, बॅटरी बगलेत घेतली आणि मागच्या दाराने बाहेर गेला. आक्का पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. त्याने भिंतीला दिवा लावून धरला.

"इथे?" त्याने विचारलं.

"अजून खाली," आक्का म्हणाली.