गुरुवारी कोण?

आमच्या ऑफिसात दर गुरुवारी माणसं कमी व्हायची आणि किस्से वाढायचे. दोहात वर्ल्ड कपची तयारी जोरात होती, आमची कंपनी स्टेडियमकडे जाणारे रस्ते बांधायची. रस्ता संपला की माणसं घरी. म्हणजे काम वेळेत केलं की शिक्षा!

माझ्या शेजारी देशमुखकाका बसायचे. नाशिकचे, प्लॅनिंग इंजिनिअर. त्यांची सई इथेच बारावीला. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि पोरगी ऐन परीक्षेत परत नाशिकला. काकांचं एकच म्हणणं, "मार्चपर्यंत टिकवा रे मला. मग खुशाल ढकला."

*

एचआरचा जोसेफ गुरुवारी जेवणानंतर नोटिशीची पाकिटं घेऊन फिरायचा. पाकीट हातात घेतलं नाही तर नोकरी जात नाही, असा शोध कुणीतरी लावला. त्या गुरुवारी टेबलं रिकामी दिसली, तेव्हा जोसेफनं बाथरूमचं दार वाजवलं. "कौन है अंदर?"

आतून आवाज आला, "प्लॅनिंग डिपार्टमेंट!"

अख्खं.

*

एकदा आमच्या इजिप्शियन बॉसचा, हानीसाहेबांचा फोन. "देशमुख? खलास!" आणि कट.

काका म्हणजे नऊ वर्षं दोहात काढलेला माणूस, स्वतः दिवसातून पन्नासदा 'खलास' म्हणणारा. पण त्या दिवशी काकांनी तो शब्द मराठीत ऐकला! ड्रॉवर रिकामा केला. टेबलावरचा गणपती रुमालात गुंडाळला. मला मिठी मारली आणि माझा स्टेपलर परत दिला, जो मी वर्षभर शोधत होतो.

मग कळलं, काकांचा रिपोर्ट मंजूर झालाय. अरबीत खलास म्हणजे काम झालं, एवढंच.

काका बसले. गणपती बसवला. म्हणाले, "स्टेपलर दे."

*

मी काकांच्या खुर्चीवर लाल स्टिकर चिकटवला: 'वर्ल्ड कपसाठी अत्यावश्यक. हलवू नये.' बुधवारपर्यंत सगळ्यांनी माझ्याकडून तसेच स्टिकर मागून नेले.

गुरुवारी सहाजण गेले. खुर्च्या कुणी हलवल्या नाहीत.

*

शुक्रवारी काकांच्या बिन ओमरान भागातल्या घरी जेवायला गेलो. सई पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, आर यू फायर्ड ऑर नॉट? आय हॅव टू प्लॅन माय रिव्हिजन."

काका म्हणाले, "इन्शाल्ला."

काकू आमटी वाढता वाढता थांबल्या. "अहो, इन्शाल्ला नक्की कशाला?"

*

शेवटी हानीसाहेबांनी काकांनाच काम दिलं. उरलेल्या माणसांना कधी सोडायचं, त्याचं शेड्यूल बनव. स्वतःचं नावही घाल!

शेड्यूलमध्ये प्रत्येक ओळीआधी काय पूर्ण व्हायला हवं, ते लिहावं लागतं. काकांनी आठवडाभर खपून बनवलं. मीटिंगमध्ये साहेब एकेक ओळ बघत 'देशमुख'वर आले. त्याआधी मार्चमधल्या तीन टेस्ट. त्या झाल्याशिवाय देशमुखला सोडता येणार नाही.

"फिजिक्स टेस्ट, केमिस्ट्री टेस्ट... ओके." आमच्याकडे डांबराच्या, पाण्याच्या टेस्ट चालूच असतात. मग पेन थांबलं. "व्हॉट इज धिस मॅथ्स?"

मी टेबलाखाली बघायला लागलो.

काका शांतपणे म्हणाले, "क्लायंट रिक्वायरमेंट, सर."

साहेबांनी मान हलवली. सही केली. "यल्ला, लेट्स गो. ऑल विल पास?"

काकांनी जरा विचार केला.

"मॅथ्स लिटल वीक, सर."