नववी चौकट

साळवे गेल्याचं मला स्टोअरच्या खिडकीत कळलं. पहिली शिफ्ट लागून तासभर झाला होता आणि खिडकीपुढे पाच-सहा जण चिठ्ठ्या घेऊन उभे होते. टाइम ऑफिसचा शिपाई रांग मोडून पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, टूलरूमचे साळवे गेले." मी हातातली चिठ्ठी वाचतच विचारलं, "कुठं गेले?" त्याने डोक्यावरची टोपी काढली. भोसरीतल्या भाड्याच्या खोलीत, झोपेत, एकटेच. दूधवाला दोनदा दार वाजवून परत गेला, तेव्हा शेजाऱ्यांना शंका आली. मी रांगेतल्या प्रत्येकाला माल दिला, नोंदी पुऱ्या केल्या आणि मग रजेचा अर्ज लिहिला. आज दीड महिना झाला. खिडकी आधी बंद करायला हवी होती, हे आता रोज वाटतं.

आमची ओळख त्याच खिडकीत झाली होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीत आमची कंपनी नवी होती, आवारात अजून बाभळी उभ्या होत्या. साळवे टूलरूममध्ये टर्नर म्हणून लागले, मी स्टोअरमध्ये. एक दिवस ते अल्युमिनियमचा दोन इंची गोल तुकडा मागायला आले. चिठ्ठीवर 'काम' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: किडा.

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"खरं तेच लिहिलंय, राव. मशीनसाठी म्हटलं तर खोटं होईल."

"किड्याला अल्युमिनियम लागतं होय?"

"किड्याला कशाला? मला लागतं. त्याच्या जवळ जायला."

भंगारातला तुकडा दिला मी. जेवणाच्या सुट्टीत लेथवर त्याची अशी कडी त्यांनी काढली, की जुन्या बाजारातून घेतलेल्या कॅमेऱ्यावर भिंग उलटं बसावं. भिंग उलटं बसलं की नखाएवढा किडा सगळी चौकट भरून टाकतो, हे मला त्यांनी समजावलं. मोगली एरंडाच्या कुंपणावर, पानामागे बसणारा, ढालीसारख्या पाठीचा, डिवचला की उग्र वास सोडणारा किडा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि पाहिला की झटकलेला असतो. साळवे त्याला ढालकिडा म्हणायचे. कुणी हिरवा, कुणी तांब्याच्या भांड्यासारखा, कुणाच्या पाठीवर निळी झाक. फिल्म मात्र काळी-पांढरी. "रंग माझ्या लक्षात राहतो," ते म्हणायचे, "पाठीवरचे ठिपके राहत नाहीत."

त्यांची पद्धत ठरलेली होती. उजाडताना सायकलने तळवड्याकडे जायचं, कारण दव असेपर्यंत किडे हलत नाहीत. भिंगाला हात लावायचा नाही. आपणच गुडघ्यांवर केसभर पुढे, केसभर मागे व्हायचं, किड्याचा डोळा लख्ख दिसला की अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि बटण दाबायचं. मग सात वाजता टूलरूम, पँटीच्या गुडघ्यांना माती. त्यांची आई होती तोवर घरात बोलणं-चालणं असायचं. मी गेलो की त्या मला म्हणायच्या, "सोताचं लगीन करंना, आन् किड्यांचं फोटू काढत हिंडतोय. तुमी तरी सांगा की!" साळवे हसून स्टोव्हला पंप मारायचे. आई गेल्यावर त्या खोलीत स्टोव्हचाच काय तो आवाज. एक बहीण चाकणजवळ दिलेली, ती सणाला यायची.

मला ते पुष्कळदा म्हणाले, "एकदा चला राव सकाळी." मी एकदाच गेलो. त्यालाही कारण होतं. तळवड्याच्या ओढ्याकाठी एका शेंदरीच्या झाडावर त्यांना ढालकिड्याची एक मादी सापडली होती. पानामागे अंडी घालून ती अंड्यांवर बसली होती आणि उठत नव्हती. मुंगी आली की ती त्या बाजूला ढाल कलती करायची. साळव्यांनी रोज सकाळी तिचा एक फोटो घ्यायचं ठरवलं, अंडी फुटेपर्यंत. पुण्यात हौशी छायाचित्रकारांचं प्रदर्शन होतं, त्यात ही मालिका द्यायची होती. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला काही दाखवायचं ठरवलं होतं ते हेच. नवव्या दिवशी वारा होता, फांदी धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी.

बांधावर एक म्हातारी उभी होती. मला बघून ती साळव्यांना म्हणाली, "आज दोघं? मोजणीच हाय म्हना की."

"न्हाई आजी. रोज सांगतो, किडा बघतोय."

"किडा बघाय सायकल हानत येतंय व्हय कुनी? कंपनीला जमीन पायजेल, मला काय कळत न्हाई?"

मी फांदी धरली. अंडी फुटली होती, टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं आईच्या पोटाखाली गर्दी करून होती. साळवे कुजबुजले, "श्वास धरा." दोघांनीही धरला... खटका वाजला. परतताना ते सायकलवर काहीतरी गुणगुणत होते. ते मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

त्यांच्या खोलीत ओल फार, म्हणून धुतलेल्या फिल्मच्या पट्ट्या ते माझ्या स्टोअरच्या पोलादी कपाटात ठेवायचे. मी याद्या करणारा माणूस. कपाटात सगळा माल खणवार आणि ह्या पट्ट्या मात्र लांबच लांब, एका पट्टीत चार जातींचे किडे. प्रदर्शनाआधी त्यांना सोपं जावं म्हणून एका रविवारी मी बसलो, कात्रीने एकेक चित्र सुटं केलं, जातवार पाकिटं केली, वर क्रमांक घातले, यादी लिहिली. खराब चित्रं वेगळी काढून 'निकामी' लिहिलेल्या पाकिटात घातली. नाकारलेला माल मुख्य यादीत घ्यायचा नाही, हा आमच्या स्टोअरचा नियम.

सोमवारी साळव्यांनी पाकिटं उघडली. बराच वेळ ते चित्रं उजेडाकडे धरत राहिले. मग म्हणाले, "ह्यातला पहिला दिवस कुठला?" क्रमांक मी हाताला येतील तसे घातले होते. फिल्म ते मोठ्या गुंडाळीतून तुकडे कापून भरायचे, त्यामुळे फिल्मच्या काठावर छापलेल्या आकड्यांवरूनही क्रम लागत नव्हता. त्यांनी पुन्हा मोजली. "आठच आहेत. शेवटचा नाही... तुमच्याकडं राहिला का एखादा?"

मी यादी उघडून दाखवली. "जे होतं ते सगळं दिलंय. आठच."

"मग मीच चुकलो असेन," ते म्हणाले. "पिल्लांचा फोटो नसेल तर ती नुसतीच बसलेली दिसते."

मालिका प्रदर्शनात गेली नाही. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण त्यानंतर माझ्या कपाटात एकही पट्टी आली नाही. खिडकीत भेट व्हायची, चिठ्ठी, सही, "बरं आहे ना?" आणि संपलं. सात-आठ वर्षं अशीच गेली. मध्ये तळवड्याच्या त्या बांधावर खरोखरच मोजणी झाली, शेंदरी तोडून पत्र्याची शेड उभी राहिली. तेव्हा एकदाच ते खिडकीत आपणहून बोलले, "आजीचं खरं झालं, राव." मी म्हणालो, "हो ना," आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी घेतली.

गेल्या पंधरवड्यात त्यांची बहीण खोली रिकामी करायला आली. तिने फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "दादा म्हनायचा, ह्ये स्टोअरवाल्या भाऊंचं हाय." आत अल्युमिनियमची एक पट्टी होती. तिला कानशीने घासून नऊ चौकटी पाडलेल्या. आठ चौकटींत मादीची आठ चित्रं, ओळीने. माझ्या कात्रीचे तिरके-सरळ काप एकमेकांना जुळवून त्यांनी क्रम लावला होता. मी कापलेला प्रत्येक किडा त्यासाठी त्यांनी किती वेळा उचलून पाहिला असेल... नववी चौकट मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी मी कपाटाचा खालचा खण उघडला. 'निकामी' पाकीट जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. अकरा चित्रं. सातवं उजेडाकडे धरलं तर पान, मादी, तिच्याखाली ठिपक्यांसारखी पिल्लं, आणि अर्धी चौकट व्यापून एक जाड काळा आकार. तो आकार पाहून मी ते खराब ठरवलं असणार. माझा अंगठा होता तो, फांदी धरलेला.

पट्टी आता स्टोअरच्या खिडकीत, काचेला टेकवून ठेवली आहे. चित्र नवव्या चौकटीत बसवताना मी श्वास धरला होता. जराही घासावं लागलं नाही. त्यांनी माप अचूक घेतलं होतं.