शालूताईच्या सहा खोल्या

सकाळी साडेसहाला रोह्याहून फोन आला. शालूताईच्या पहिल्या खोलीतला भाडेकरू बोलत होता. कंपनीत शिफ्टला जाणारा, कमी बोलणारा माणूस. "सर, ताईंनी आज पाणी सोडलं नाय. हाका मारल्या, आतून आवाज नाय." मी त्याला दार ढकलून बघायला सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला, तेव्हा तो काही बोलायच्या आधीच मला कळलं होतं. मी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि पेणच्या स्टँडवर जाऊन रोह्याची एस.टी. धरली. वाटेत गडबला एक बाई वांग्यांची पाटी घेऊन चढली, तिला सरकून जागा दिली. एवढं सगळं आठवतं. मनात काय चाललं होतं, ते मात्र काही केल्या आठवत नाही. आज दीड महिना झाला, अजून तसंच आहे.

शालूताई माझी मावसबहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. माहेर भातशेतीवाल्यांचं, लग्न होऊन रोह्याला गेली. नवरा कंपनीत होता. तो गेला तेव्हा ही बत्तीस वर्षांची, मूलबाळ नाही. कंपनीकडून जे हातात आलं त्याचं काय करावं हे सांगायला सगळे पुढे आले. कोणी सोनं म्हणालं, कोणी बँक. तिने कुणालाही न विचारता कंपनीच्या रस्त्यावर दोन गुंठ्यांचा बिनशेती तुकडा घेतला आणि तीन खोल्या बांधल्या. एकीत स्वतः राहिली, दोन भाड्याने दिल्या. दहाएक वर्षांनी आणखी तीन बांधल्या. बस, तेवढ्यावर थांबली. सातवी बांधायला जागा होती, पण तिथे तिने भाडेकरूंचे कपडे वाळत घालायला तारा बांधल्या.

मी पेणला शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर भाड्याने द्यायला एक फ्लॅट घ्यावा असं मनात आलं, म्हणून हायवेलगतच्या एका नव्या बिल्डिंगचं गुळगुळीत पुस्तक घेऊन तिच्याकडे गेलो. तिने शेवटच्या पानापर्यंत ते नीट पाहिलं. "इथं कोण ऱ्हातंय?" मी म्हटलं, अजून बांधकाम चालू आहे. "मग भाडं कोण देणार, दिन्या? ही चित्रातली माणसं?"

आषाढात ती स्वतः पेणला आली, छत्री घेऊन, रबरी चपला घालून. जागा बघायची ती याच दिवसांत, असं तिचं म्हणणं. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती चांगल्या दिसतात. त्या दिवशी आम्ही चार फ्लॅट पाहिले. प्रत्येक ठिकाणी ती आधी खालच्या दुकानात जायची, बिस्किटाचा पुडा घ्यायची आणि विचारायची, पाणी किती वाजता येतं, या बिल्डिंगमधलं कोण सोडून गेलं, का गेलं. वर गेल्यावर कपाटामागे हात घालून भिंत चाचपायची. तिसरा फ्लॅट मला फार आवडला होता. तिने तिथल्या माणसाकडे राहायच्या परवानगीचा भोगवटा दाखला मागितला. महिन्याभरात येईल, तो म्हणाला. "मग आमी पण महिन्याभरानं येतो," असं म्हणून ती जिना उतरायला लागलीसुद्धा. चौथा मी घेतला. जुना, दुसऱ्या मजल्यावरचा, स्टँडपासून दहा मिनिटांवर. परत जाताना एस.टी.च्या खिडकीतून ती सांगत होती... वर्षाचे बारा महिने धरू नकोस, दहाच धर. दोन महिने रिकामा जाणारच, त्यात रंग काढायचा, नळ बदलायचे. करार अकरा महिन्यांचा कर आणि नोंदव, पोलीस ठाण्यात भाडेकरूचे कागद दे. नात्यातल्याला भाड्याने देऊ नकोस, द्यायचा तर फुकट दे. "आणि करार सोता वाच. सही करणारा वाचत नाय, मग भांडत बसतो."

पहिले भाडेकरू दोघे भाऊ, हमरापूरच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायला आलेले. फरशीला रंग लागेल म्हणून मी धास्तावलो होतो. जाताना त्यांनी फरशी पुसून चावी दिली. नंतर फ्लॅट बरोबर दोन महिने रिकामा राहिला. मग रेखा आली. तिशीची नर्स, एकटी. तिच्या ड्यूटीच्या वेळा सारख्या बदलायच्या, कधी रात्रपाळी करून पहाटे घरी यायची. बिल्डिंगमधले लोक मला येऊन भेटले. एकटी बाई, वेळीअवेळी येते, बरं दिसत नाही. तिच्याविरुद्ध याहून वेगळं त्यांच्याकडे काही नव्हतं आणि मला ते ठाऊक होतं. तरीही मी तिला आठ दिवसांत जागा सोडायला सांगितलं. पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस मी, पण चार शेजाऱ्यांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

ताईला हे कळलं तेव्हा ती तडक आली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"करारात काय लिवलंय? किती दिवस?"

"एक महिना."

"मग हे आठ दिवस तू कुठून आणलेस?"

मी शेजाऱ्यांचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं, मग आवाज न चढवता म्हणाली, "ह्यांचं बारावं व्हायच्या आधी आमच्या घरमालकानं मला सामान काढाया सांगितलं होतं. इधवा बाई नको म्हनून. टेंपो कुनी आनला होता, आठवतंय?"

टेंपो मी आणला होता. तिची भांडी गोणत्यात भरून मीच चढवली होती, आणि त्या घरमालकाला एक शब्द बोललो नव्हतो. हे मी पार विसरून गेलो होतो.

रेखाला ती आपल्याबरोबर रोह्याला घेऊन गेली, शेवटची खोली दिली. तिला तिकडेच एका दवाखान्यात काम मिळालं. ताई माझ्याशी सात-आठ महिने बोलली नाही. मग एक दिवस फोन करून फ्लॅटला रंग काढलास का, एवढंच विचारलं. आम्ही पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागलो, पण तो विषय तिने काढला नाही आणि मीही नाही. रेखा भेटायची, चहा द्यायची. तिची माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

दिवसकार्य झाल्यावर कपाटात ताईचं मृत्युपत्र सापडलं. तिची स्वतःची खोली रेखाच्या नावावर. बाकीच्या पाच माझ्या. मी ते दोनदा वाचलं. माझ्यावर तिने एवढा भरवसा कशाच्या जोरावर ठेवला, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात चौथी खोली रिकामी झाली. कंपनीत नव्याने लागलेलं एक जोडपं रविवारी राहायला येणार, म्हणून मी चावी घेऊन रोह्याला गेलो. रेखाने दारातच चटई हातात दिली. मला कळेना. "नवीन मानूस यायच्या आधी ताई एक दुपार त्या खोलीत झोपायच्या," ती म्हणाली. "दर वेळी. तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

माहीत नव्हतं. मी म्हणालो, "रेखा, तेव्हा मी जे..." ती म्हणाली, "सर, आधी झोपून बघा."

रिकाम्या खोलीत चटई टाकून मी आडवा झालो. शेजारच्या कुकरची शिट्टी भिंतीतून ऐकू येत होती. मोरीत नळ थेंब थेंब गळत होता. पंखा तिसऱ्यावर ठेवला की आवाज करतो, दुसऱ्यावर नाही. डोळा लागत होता तेवढ्यात खिडकीतून ऊन थेट तोंडावर आलं. इथे रात्रपाळीवरून आलेल्या माणसाला झोप लागणार नाही. मी तसाच थोडा वेळ पडून राहिलो, आता तरी रडू येईल म्हणून. आलं नाही. मग उठलो, सुतळीच्या तुकड्याने खिडकीचं माप घेतलं आणि पडद्याची दांडी आणायला बाजारात गेलो.