चप्पल न बघता रचलेलं गाणं

लक्ष्मणमामा दुःखाच्या घरी आले की लगेच आत येत नसत. उंबऱ्याशी उभे राहून आधी विचारत, "चप्पल कुटं हाय त्यांची?"

नवखा माणूस गोंधळायचा. आमच्या वस्तीत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यात माणूस गेला की जलदान विधी करतात. त्या दिवशी वंदना झाल्यावर मामा त्या माणसावर स्वतः रचलेलं गाणं म्हणत. आयुष्य चादरीच्या कारखान्यात मागावर गेलं, तिथल्या खटखटीतच गाणी जुळवायची सवय लागली, असं सांगायचे. गाण्याचं काही घेत नसत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली की खूश.

गाणं रचण्याआधी गेलेल्या माणसाची चप्पल हातात घेऊन उलटी करायचे, तळ बघायचे. म्हणायचे, "फोटूत समदीच हासत्यात. चप्पल खोटं बोलत न्हाय." धुतलेली चप्पल दिली तर चिडायचे. "पुसून टाकलं की वं समदं माणूस!"

शेजारच्या शांताचा नवरा रिक्षा चालवायचा. तो गेला तेव्हा शांता रडतच नव्हती, नुसती भिंतीकडे बघत बसायची. मामांनी चप्पल बघितली. उजवी पुढून पार झिजलेली, डावी चांगली. ब्रेक दाबून दाबून. गाण्यात त्यांनी म्हटलं, साऱ्या गावासाठी थांबणारा पाय घरासाठी एक दिवस थांबला नाही. शांताने जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानात आहे. नंतर ती मला म्हणाली, "माजं भांडण त्यांनी गाण्यात घातलं बग."

मी कुणात फार बोलत नाही. चौथीपर्यंत शिकले, चारचौघांत तोंड उघडायला भीती वाटते. मामा मला चिडवायचे. "ही कमल बोलत न्हाय, पर समदं टिपून घेती. लिव की गं कवातरी."

माझी आई गेली तेव्हा मला एकच हवं होतं, मामांचं गाणं. आईचा धड फोटोसुद्धा नव्हता. आधार कार्डावरचा होता, त्यात ती चोरासारखी दिसते. गाण्यात आली तरच ती कुठेतरी राहणार होती. आई टॉवेलच्या कारखान्यात सुटे धागे कापायची. कात्री बोथट झाली की दातांनी तोडायची. पुढच्या दाताला खाच पडली होती. तोंडाची फटकळ, पण आपल्या कोंबड्यांना नातेवाइकांची नावं ठेवून त्यांच्याशी गोड बोलायची. एवढं सगळं मी वहीच्या कागदावर लिहून मामांना नेऊन दिलं. बोलता आलं नसतं. आईची चप्पल, एक पट्टा सुताने बांधलेली, न धुता दारात ठेवली.

मामा आले. "नाव तान्हूबाईच ना? वय किती धरायचं?" एवढंच विचारून चहा पिऊन गेले. चप्पल त्यांच्या पायाशी होती. मला वाटलं, नजर कमी झाली असेल. उचलून हातात द्यायचा धीर मला झाला नाही.

जलदानाला त्यांनी गाणं म्हटलं. माय मायेचा सागर, चंदनासारखी झिजली, पहाटे जात्यावर बसून ओव्या गायली. बायका रडल्या, मीही रडले. पण रडताना मनात येत होतं, आई जात्यावर कधी बसली? आमचं दळण गिरणीतून यायचं. आणि आई गायची नाही, शिव्या द्यायची. म्हातारपणी मामांचा घोटाळा झाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढे मोहोळला माझी चुलत सासू वारली. मामांना तिकडेही बोलावलं होतं. ते उभे राहिले आणि म्हणू लागले, माय मायेचा सागर. तेच चंदन, तेच जातं. तान्हूबाईच्या जागी गंगूबाई. आजूबाजूला सगळे डोळे पुसत होते.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला जाब विचारला. "मामा, हे तर माझ्या आईचं गाणं."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "तुझी मामी गेल्यापास्नं गाण्याची एक वळ सुचंना, कमल. नात म्हनली, मोबाईलला सांगा. ते काय एआय का काय हाय. नाव सांगायचं, आई का बाप सांगायचं. लगीच गाणं लिवून देतंय."

"मग दाताचं का नाही लिहिलं त्यानं?"

"त्याला सांगितलंच न्हाय."

"माझा कागद?"

"वाचला न्हाय गं." मग जरा चिडून म्हणाले, "लोकं रडली का न्हाय? तू रडलीस का न्हाय? मग झालं की!"

रडले होते, हेच तर मला सहन होईना. खोट्या आईसाठी त्यांनी मला रडवलं. यंत्राचा मला राग नाही. त्याने माझी आई बघितली नव्हती. मामांनी तिच्या हातची भाकरी खाल्ली होती. सुचत नाही म्हणाले असते, तर मी नुसती दातावरची एक ओळ मागितली असती. तीही नसती जमली तर गाण्यावाचून आईला पोचवलं असतं.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. दोनदा दारात आले. "कमल, च्या तरी दे की." मी सुनेला पुढे केलं.

गेल्या महिन्यात मामा गेले. जलदानाला नातीने मोबाईल लावला. त्याच यंत्राने रचलेलं गाणं चालीसकट वाजलं. मामा वटवृक्ष, मामा सावली. बायका रडल्या. मी उठून बाहेर आले. कोपऱ्यात त्यांची चप्पल होती. उलटी करून बघितली. डावीचा पुढचा भाग पातळ झाला होता, गाताना ते त्याच पायाने ठेका धरायचे. उजवी गुडघेदुखीमुळे पाय ओढून नुसती घासलेली. कुणी बघितली नव्हती. त्यांनीच शिकवलेलं, त्यांच्याच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

माझा राग गेलेला नाही. पण घरी आल्यावर वही काढली, आईचं सगळं पुन्हा लिहिलं आणि तिच्या दाताच्या खाचेच्या खाली त्यांचा डावा पायही लिहिला.