लाखेच्या टिळ्याच्या अलीकडं

बातमी आली तेव्हा मी गंगाखेडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात ट्रान्झिस्टरचा कान पिळत बसलो होतो. हॉटेलवाल्याला भक्तिगीतं हवी होती, गिऱ्हाइकांना सिनेमाची गाणी, आणि मला दोन्हींपेक्षा भांडण जास्त आवडत असल्यामुळे मी काटा मुद्दामच मधे कुठंतरी लोंबकळत ठेवला होता. एवढ्यात परभणीची एसटी आली. कंडक्टर पायरीवरूनच ओरडला, "दिगूकाका, रेडिओवाले मुनीरभाई गेले हो... पोराकडं होते परभणीत, तिथंच." माझी बोटं आपोआप मागं फिरली आणि हॉटेलात एकदम शांत झालं. "बंद कामून केला?" हॉटेलवाल्यानं विचारलं. आता त्याला मी काय सांगणार! ज्या माणसानं मला आवाज करायला आणि आवाज थांबवायला, दोन्ही एकाच हातानं शिकवलं, तो माणूस गेला होता. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. रडून झालं. आता त्याच्याबद्दल बोलायचं तर त्याला आवडेल अशा थाटातच बोललं पाहिजे, म्हणजे थोडं वाढवून.

मुनीरभाईंना नव्या पिढीनं पाहिलं ते रेडिओ दुरुस्त करणारे म्हणून. बाजारात तीन फळ्यांचं दुकान, डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा फाया. नम्रता नावाला नाही. "परभणी जिल्ह्यात कान दोनच," ते म्हणायचे, "आणि दोन्ही माझ्याच डोक्याला हायेत." पण मी त्यांना ओळखतो ते त्याआधीपासून. निजामी अमलाच्या शेवटच्या पावसाळ्यात ते गंगाखेडच्या सरकारी वायरलेसच्या खोलीत कामाला होते. कचेरीच्या मागं, उंचवट्यावर ती खोली. पावसाळ्यात त्यांचं मोठं काम म्हणजे गोदावरीची खबर घेणं. वरच्या अंगाला पाणी चढलं की तिकडचा माणूस दिवेलागणीला कडकट्ट वाजवून निरोप द्यायचा, मुनीरभाई तो कानानं टिपायचे, अमीनसाहेबांना म्हणजे पोलिसांच्या अंमलदाराला सांगायचे, आणि मग नदीकाठच्या खालच्या आळीत दवंडी पिटायची. खालच्या आळीत भोयांची घरं, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांची पालं, आणि काठाला अगदी लागून आमच्या काकूची बहीण एकटीच राहायची. पाण्याला तिथं पोचायला फार वेळ लागायचा नाही. निरोपाला मात्र कधीकधी लागायचा, आणि त्याला कारण आम्ही होतो!

त्या दिवसांत बाहेरच्या बातम्या ऐकणं हा गुन्हाच समजला जाई. साहजिकच गावातली सगळी प्रतिष्ठित माणसं तो करत होती. आमच्या काकांची आडत होती, आणि आडतीमागच्या घरात जोंधळ्याच्या कणगीत एक सेट लपवलेला होता. मुंबईहून कुणी तरी हातानं जुळवून आणलेला, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. त्याची तार अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेसारखी बांधलेली. काकूनं त्यावर ओलं लुगडं टाकलं की बातम्या बारीक व्हायच्या आणि काका आतून ओरडायचे, "अगं, देश अडलाय तुझ्या लुगड्याखाली!" या घरगुती सेटांना एक खुंटी असायची. ती पिळत गेलं की सेटातून शिट्टी निघायची, आणि शिट्टी निघाली म्हणजे स्टेशन जवळ आलं. आमचा सगळ्यांचा असा ठाम समज होता की शिट्टी जितकी कर्कश तितका सेट जातिवंत. त्यामुळे जो तो खुंटी शेवटपर्यंत पिळून ठेवायचा, आणि कुणाचा सेट जास्त केकाटतो याची आम्ही गुपचूप बढाईही मारायचो. ती शिट्टी आपल्याच तारेवरून बाहेर पडते आणि दुसऱ्याच्या कानात जाऊन बसते, हे आमच्या गावीही नव्हतं.

एका दुपारी मुनीरभाई आडतीवर आले. सरकारी टोपी पाहून काकांनी हिशेबात मान घातली. मुनीरभाई गादीवर ऐसपैस बसले, जोंधळ्याचा भाव विचारला, मूठभर दाणे चावून पाहिले... आणि मग ओठ मुडपून त्यांनी हळूच एक शिट्टी घातली. वर चढणारी, मधेच चिरकणारी. हुबेहूब आमच्या सेटाची! काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"वळखलं का शेठ? तुमच्या घरचं गाणं हाय. डॉक्टरसाहेबांचा सेट कोंबड्यावानी वरडतो. वकीलसाहेबांचा रडतो, पैल्यापासून. तुमचा म्हंजे व्यायला आलेली मांजर."

"आमच्याकडं सेट-बिट काई न्हाई," काका म्हणाले.

"न्हाईच की. कणगीत कोन सेट ठेवतंय?"

काकांनी हिशेबाची वही मिटली. तेव्हा पडद्यामागून काकू बोलली. आमच्या घरातलं धैर्य पहिल्यापासून पडद्यामागंच असायचं. "मांजर म्हनायला आलाव का पकडून न्यायला, ते तरी सांगा."

"पकडून न्यायचं असतं तर अमीनसाहेब आले असते, भाभी. माझ्यासारखा देखना मानूस कशाला आला असता?" मग त्यांचा आवाज उतरला. "परवा वरून निरोप आला. पानी चढलं, यवढं ऐकलं, आन् म्होरं तुमची मांजर. किती चढलं, कवा पोचंल, काई समजलं न्हाई. त्या दिवशी पानी घाटाखालीच थांबलं म्हनून बरं. म्होरल्या बारीला न्हाई थांबायचं. तुमी ऐका. कोन नको म्हनतंय? पर मलाबी ऐकू द्या."

त्याच दिवशी संध्याकाळी, कणगीतला सेट पाटावर मांडून, काकूनं त्याला देवासारखं पुसून ठेवलं. मुनीरभाईंनी कचेरीतून लिफाफे बंद करायची लाख आणली होती. एका कानाशी आमचा हेडफोन, डोळे मिटलेले, काटा केसाएवढा इकडं, केसाएवढा तिकडं... मग मेणबत्तीवर लाख वितळवून त्यांनी तबकडीवर एक थेंब पाडला आणि गरम असतानाच त्यावर अंगठा दाबला. फूः फूः करत म्हणाले, "ह्या टिळ्याच्या अलीकडं आमची हद्द, पलीकडं तुमची. आन् खुंटी शिट्टीच्या आधी थांबवायची. दिवेलागणीला तर सेटच बंद." सरकारी लाखेनं सरकारचाच गुन्हा शिक्कामोर्तब करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्या दिवसापासून दिवेलागणी झाली की काकू देवापुढं वात लावायची आणि मला हाक मारायची, "दिगू, काटा मागं घे. मुनीरला ऐकू येऊ दे."

डॉक्टर, वकील, सगळ्यांच्या तबकड्यांवर टिळे लागले. पण दुखणं एकट्या गंगाखेडचं नव्हतं. परभणीच्या, सेलूकडच्या खोल्यांत मुनीरभाईंसारखेच लोक बसलेले, आणि त्यांच्या कानात पोखर्णीचे, वालूरचे सेट केकाटायचे. तिथं मुनीरभाई जाणार कसे? मग जोंधळ्याच्या सौद्याचं निमित्त करून मी निघालो. मी तेव्हा विशी ओलांडलेला, मेळ्यात कामं करणारा, खोटं बोलताना चेहरा न हलणारा. मुनीरभाई मला 'नाटक्या' म्हणत. पण मला त्यांचे कान कुठून येणार? त्यावर त्यांनी जी युक्ती काढली ती आठवली की मला आजही टाळी द्यावीशी वाटते. ठरल्या दुपारी ते निरोप धाडायच्या सरकारी चावीवर, सरकारी खर्चानं, भजनातला धुमाळीचा ठेका वाजवणार. जिथं धुमाळी ऐकू येईल तिथं मी टिळा लावायचा. पोखर्णीत आम्ही नरसिंहाच्या देवळाजवळच्या एका घरात सेटभोवती बसलो, खुंटी पिळली, आणि त्या चरचराटातून लांबून ठेका आला. बसलेल्यांपैकी एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून टाळ्या धरल्या. "लय गोड वाजवायलाय, कोन बुवा हायत?" मी म्हटलं, "सरकारी बुवा हायत." वालूरला तेच, परभणीला तेच. बघता बघता जिल्ह्याच्या हवेत बांध पडले. शेताच्या बांधावरून डोकी फोडणारी आमची माणसं, पण हवेतला तो बांध कुणी कोरला नाही.

आता या सुखाला दृष्ट लागायचीच होती, ती लागली अमीनसाहेबांची. त्यांना शिट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या, म्हणून ते खूश व्हायला हवे होते. पण पोलिसाचं डोकं वेगळं. त्यांनी मुनीरभाईंना विचारलं, "सीटी बंद कैसे हुई? लोगों ने सुनना छोड दिया, या किसी ने सिखाया?" आणि त्या दिवसापासून स्वतः दुसरा हेडफोन लावून दिवेलागणीला खोलीत बसायचं ठरवलं. मुनीरभाई धावत आडतीवर आले. त्यांचा सुरमा त्या दिवशी पहिल्यांदाच वाहिलेला मी पाहिला. कोडं साधं होतं आणि भयंकर होतं. सगळे गप्प राहिले तर शिकवणारा सापडला, मुनीरभाई तुरुंगात, आणि त्यांच्या मागोमाग सगळे टिळेवाले. शिट्टी वाजवली तर निरोप बुडाला, आणि निरोपाबरोबर खालची आळी. बाहेर पाऊस चार दिवस थांबला नव्हता.

काका म्हणाले, "सेट हिरीत टाकू." काकू म्हणाली, "हिरीत टाकल्यावर शिट्टी कोन वाजवनार, तुमी?" आणि मग तिनंच ठरवून टाकलं. "थोडं वाजवायचं, आन् निरोप आला की थांबायचं. दिगू नाटक्या हायच."

"पर निरोप आला हे दिगूला कसं कळायचं, भाभी? अमीनसाहेब मांडीला मांडी लावून बसनार."

"तुमची धुमाळी हाय ना!"

मुनीरभाई गादीवरून उठले. मग वाकून सलाम केला. कचेरीतल्या कुठल्याही साहेबाला त्यांनी एवढं वाकून सलाम केला नसेल.

त्या संध्याकाळी मी पाटासमोर बसलो. काका दाराला पाठ लावून उभे, काकू हातात वात घेऊन. मी काटा टिळ्याच्या अलीकडं घेतला, सरकारच्या हद्दीत, आणि खुंटी पिळली. मांजर व्यायला आली! मी ती रडवली, हसवली, थांबवली, पुन्हा पेटवली. मेळ्यात मी राजे केले, राण्या केल्या, पण त्या मांजरीइतकं जीव तोडून काम मी कधी केलं नाही. तिकडं खोलीत अमीनसाहेब खूश होऊन मांडीवर थाप मारत होते म्हणे, "है, है! चोर अभी जिंदा है!" (हे मुनीरभाईंनी नंतर सांगितलं. दर वर्षी सांगताना अमीनसाहेबांच्या मिशा वाढत गेल्या.) आणि मग, माझ्याच शिट्टीच्या पोटातून, ठेका आला. धुमाळी. एक आवर्तन पुरं झालं. मी खुंटी मागं घेतली. नुसती मागं नाही, बॅटरीची तारच उपटली. घरात इतकं शांत झालं की वातीचं तडतडणं ऐकू आलं.

त्या शांततेत निरोप आला. पूर्ण आला. वर पाणी कुठवर चढलंय, इथं केव्हा पोचेल, सगळं. मुनीरभाईंनी शब्द शब्द अमीनसाहेबांना म्हणून दाखवला आणि चोर पकडायला बसलेले अमीनसाहेब हेडफोन फेकून, चिखलातून, स्वतः दवंडीवाल्याच्या पुढं पळाले. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. जाता जाता त्यांनी एवढंच विचारलं, "वो बीच में क्या बजाया तुमने?" "चाबी अटकली होती हुजूर, झटकली." अमीनसाहेब कधी भजनाला बसले नव्हते, हे आमचं नशीब. अंधार पडेपर्यंत खालची आळी देवळाच्या उंचवट्यावर आली, माणसं, शेळ्या, भांडी, कोंबड्या. काकूची बहीण जातं सोडून यायला तयार नव्हती. तिला जात्यासकट उचलून आणली. मग पाणी आलं आणि भोयांच्या घरांवरून सरळ निघून गेलं. घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

पुढं थोड्याच दिवसांत संस्थान गेलं. नव्या साहेबांनी जुन्या नोकरांची चौकशी मांडली आणि मुनीरभाईंना विचारलं, तुम्ही कुणाची चाकरी केली? ते बापडे अत्तर लावून उभे. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बढाई निघेना. तेव्हा काका, डॉक्टर, वकील असे एकेक जण सेट काखेत मारून कचेरीत शिरले. वालूरहून बैलगाडीतून एक आला. टेबलावर सेटांची रांग लागली, प्रत्येकाच्या तबकडीवर लाल टिळा. काका म्हणाले, "यांनी आमची चाकरी केली, सायब. आमी सगळे पकडलो गेलो होतो. फकस्त यांनी कुनाला सांगितलं न्हाई." मुनीरभाई सुटले. सरकारी नोकरीला मात्र त्यांनी त्यानंतर हात लावला नाही. "साहेबाच्या बाजूला बसून धुमाळी वाजवायला आता हात व्हत न्हाई," म्हणाले, आणि दुकान टाकलं. आमच्या सेटाची दुरुस्ती त्यांनी जन्मभर फुकट केली आणि दर वेळी, "भाभी, मांजर बरी हाय," एवढं सांगून चहा पिऊन गेले.

तो सेट आज माझ्या फळीवर आहे. त्याच्या नळ्या कधीच्या विझल्यात, सुट्टे भाग मिळत नाहीत, आणि मिळाले तरी आता बसवणार कोण? पण लाख तशीच आहे. उजेडाकडं धरली की तिच्यात अंगठ्याचे वळसे दिसतात, आणि एका कडेला जरा घसरलेलं दिसतं, तिथं चटका बसला होता आणि ते फूः फूः करत होते. मय्यतीहून परत आलो त्या संध्याकाळी मी तो सेट खाली घेतला. म्हटलं, आता अलीकडं कुणाचीच हद्द राहिली नाही, एकदा काटा फिरवून तर पाहू. मुका सेट, त्याला काय! काटा टिळ्यापर्यंत नेला...

आतल्या खोलीत काकू खाटेवर होती. काकू आता फार थकली आहे. मुनीरभाई गेल्याचं मी तिच्या कानाशी बसून सांगितलं होतं. तिनं मान हलवली होती, डोळेही पुसले होते. सूनबाईनं देवापुढं वात लावली. तेल तडतडलं, आणि आतून हाक आली, नेहमीची.

"दिगू, काटा मागं घे. मुनीरला ऐकू येऊ दे."

मी काटा मागं घेतला.