टिंबांची वही

बारा बहमन १३५५ फसली, म्हणजे इंग्रजी पंचेचाळीस सालचा डिसेंबर. जागा : जालना, मुलींची शाळा, हेडबाईंची खोली. वेळ : मधली सुट्टी.

हजर : एक, हेडबाई, ज्यांना आम्ही बडी आपा म्हणत असू. दोन, कवायतीच्या बाई. तीन, शाळेची आया. चार, ती. पाच, मी, वहीसकट.

ही हजेरी मी त्याच दिवशी शाळा सुटल्यावर लिहून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. मला याद्यांची सवय होती, आजही आहे. किराणा, धोबी, औषधं, कुणाला पत्र लिहायचं, सगळं मी कागदावर घेते आणि झालं की रेघ मारते. माणसं कौतुक करतात, काकूंच्या घरी काही विसरत नाही म्हणतात. याद्या ठेवणाऱ्या बाईनं काय केलं, ते त्यांना ठाऊक नाही.

मी आठवीची मॉनिटर होते. खडू, घागरी, गैरहजर मुली यांच्या वह्या माझ्याकडे होत्या. आणखी एक वही होती. शाळेत पाण्याचे दोन रांजण, एक हिंदू मुलींचा, एक मुसलमान मुलींचा. एकदा बाजारातल्या एका बाईच्या कानावर गेलं की कावळा शिवलेली एक पोर रांजणातून स्वतःच्या हातानं पाणी पिते. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली घरून तांब्या घेऊन आल्या. कवायतीच्या बाईंनी तोड काढली. जी मुलगी त्या चार दिवसांत असेल तिनं सकाळी मॉनिटरला सांगायचं. तिला आया वरून पाणी ओतेल आणि तिला कवायत माफ. मी तारखेखाली तिच्या नावापुढे एक टिंब टाकायचं. कवायतीची माफी सगळ्यांनाच हवी असे, त्यामुळे मुसलमान मुलींचीही टिंबं त्याच वहीत असत. मुली कानाशी येऊन सांगत, "आज माझं टिंब टाक गं." मी टाकत असे आणि महिनाअखेर मोजून बघत असे. कुणी माफीसाठी महिन्यातून दोनदा टिंब मागितलं, तर पकडत असे. वही बिनचूक होती, याचा मला फार अभिमान होता.

तिच्या नावापुढे वर्षभरात एकही टिंब नव्हतं.

ती हसनाबादकडची, शेतकऱ्याची मुलगी. जालन्यात स्टेशनाजवळ मावशीकडे राहून शिकायची. शाळेत उशिरा घातली म्हणून सोळाव्या वर्षी आठवीत. उंच, खांदे रुंद, आवाज भरदार. शाळेमागे जिनिंगच्या सरकीचा ढीग होता, तिथून पलीकडच्या चिंचेपर्यंत कवायतीच्या बाईंनी पावलांनी शंभर यार्ड मोजले होते. लुगड्याचा काचा मारून ती तिथून सुटली की जिनिंगचे हमाल पोती खाली ठेवून बघत. मी नेहमी दुसरी यायची. तिच्या आणि माझ्यामध्ये एक बैलगाडी वळेल एवढी जागा उरायची.

मुली तिला "भाऊ" म्हणत. "भाऊ आला, पदर घ्या गं!" असं एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी खिदळायचं. ती चिडत नसे. "भाऊ म्हणा की. पर राखी बांधली तरी ओवाळणी न्हाई भेटणार, आधीच सांगून राह्यले."

दिवाळी झाली आणि हैदराबादेहून शाळेला पत्र आलं. रियासतीतल्या मुलींच्या शर्यती होणार होत्या. तिथं पहिल्या येतील त्या मुली रियासतीच्या नावानं साऱ्या हिंदुस्थानच्या सामन्यांत पळणार, बाहेरगावी, बाहेरच्या मुलींबरोबर. आमच्या शाळेतून एकच मुलगी जायची होती. कवायतीच्या बाईंनी पत्र वाचून संपायच्या आत तिचं नाव घेतलं. राखीव म्हणून माझं.

घरी मी हे सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. ते वकील होते. कोर्टात शेरवानी, घरी दार लावून खादी. त्यांनी घास ताटात ठेवला. "पिवळ्या झेंड्याखाली आपली पोर न्हाई पळणार. देशात काय चाललंय अन् हे निजामासाठी पळणार! सांग तुझ्या बाईला." मी सांगितलं नाही. राखीवच तर होते.

तिला मात्र झेंड्याचं काही वाटत नव्हतं. चिंचेखाली बसून ती मला म्हणाली, "हसनाबादहून जालन्याला आल्ते तर मावशीच्या गल्लीतल्या पोरी इचारायच्या, कुठली गं तू? आता हैदराबादेत इचारतील, कुठली? मी म्हणणार, जालन्याची. मंग अजून लांब गेले की म्हणायचं, हैदराबादची. अन् विलायतेला गेले तर?"

"तर हिंदुस्थानची," मी म्हटलं.

"बघ, पळतच ऱ्हायलं की गाव मोठं मोठं होत जातं," असं म्हणून ती हसली. तिला जायचं होतं. इतकं उघडपणे कुणी काही मागताना मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

पत्रासोबत एक फॉर्म होता. त्यात हेडबाईंनी लिहून द्यायचं होतं की, ही मुलगी निरोगी आहे आणि सर्व बाबतींत मुलगीच आहे. खाली सही आणि शिक्का. ही ओळ गावात कशी फुटली माहीत नाही, पण आठ दिवसांत "भाऊ" ही थट्टा राहिली नाही. बाजारातल्या त्याच बाई बडी आपांकडे येऊन गेल्या. शाळेनं मुलींमध्ये मुलगा ठेवलाय का, असं विचारून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कवायतीआधी तिनं मला रांजणामागे गाठलं. हसत नव्हती.

"मॉनिटरबाई, माझं एक टिंब टाक ना."

"आलं का तुला?"

"न्हाई आलं. तरी टाक. मागल्या दोन महिन्यांचं पण टाक."

"असं कसं टाकू? यादी बराबर पाहिजे."

"यादी तुझीच हाय ना? देवाची तर न्हाई?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्या घरात उशिराच येतं. आईला लगीन झाल्यावर आल्तं, अठराव्या साली. आज्जीचंबी तसंच. पोरगीच हाय मी, बिलकुल पोरगी हाय. तू कुणाला बोलू नको, मला लाज वाटते. फक्त टिंब टाक."

मी टाकलं नाही. इथपर्यंत मला स्वतःला माफ करता येतं. पंधरा वर्षांच्या मुलीला वही खरी ठेवायची होती, एवढंच म्हणता येतं.

आता बारा बहमन.

बडी आपा वाईट नव्हत्या. पडदानशीन घरातून आलेल्या, एकट्यानं शाळा उभी ठेवलेल्या. त्यांना भीती एकच होती, लोक मुली काढून घेतील. त्या फॉर्म पुढे ठेवून बसल्या होत्या. कवायतीच्या बाई म्हणाल्या, "आपा, लेडी डॉक्टरला दाखवू. दोन दिवसांचं काम."

"दो दिन में सारा शहर दवाखाने के सामने खडा रहेगा," बडी आपा म्हणाल्या.

आया मध्येच बोलली. "आपा, म्या तिच्या उवा काढल्यात, तिला न्हाऊ घातलंय. पोरगीच हाय ती. तुमी मलाच शिक्का द्या, मी मारते!" कवायतीच्या बाई हसल्या. तीसुद्धा हसली. त्या क्षणी सगळं सुटल्यात जमा होतं, असं मला आज वाटतं. बडी आपांच्या चेहऱ्यावरही सैलपणा आला होता. त्या माझ्याकडे वळल्या.

"फेहरिस्त क्या बोलती?"

मी वही उघडली. "एकही टिंब नाही, आपा."

"उसने तुझे कभी कुछ बोला?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, तिच्या आईला आणि आजीला उशिरा आलं होतं. दोन, तिनं खोटं टिंब मागितलं होतं. दोन्ही खऱ्या. मी दुसरी सांगितली. पहिली सांगितली नाही.

लाज वाटते असं ती म्हणाली होती, म्हणून मी तिचा शब्द राखला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. सांगताना माझ्या डोळ्यांपुढे गाडीचा डबा होता, हैदराबादचं काचीगुडा स्टेशन होतं आणि माझ्यापुढे बैलगाडीची जागा नसलेलं मैदान होतं. राखीव म्हणून कुणाचं नाव आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पण मॉनिटर असं करील, हे कुणाच्या मनात आलं नाही. बिनचूक वहीचा तो फायदा.

कवायतीच्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, "खरं का गं?"

"मागितलं," ती म्हणाली.

बडी आपांनी फॉर्म उलटा ठेवला. खोटं मागणारीच्या नावावर त्या शिक्का मारू शकत नव्हत्या. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही. आता ही पुढचं सांगेल, आईचं सांगेल, म्हणून वाट बघत होती. मी वहीची नाडी बांधली. मग तिनं कवायतीच्या बाईंनी घेऊन दिलेले कॅनव्हासचे बूट काढले, जोडीनं उंबऱ्याशी ठेवले आणि अनवाणी गेली.

तेच बूट मला मिळाले. दोन बोटं मोठे होते. आयानं पुढे कापूस कोंबून दिला. त्यानंतर ती मला वरून पाणी ओते तेव्हा ते नेहमी ओंजळीत न पडता मनगटावरून कोपरापर्यंत यायचं.

वडिलांना सांगायला मी घाबरले होते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाहेर जायचं तर रियासतीचंच नाव लावावं लागतं, त्याला इलाज न्हाई. आपली पोर चमकली तर देशाचंच नाव." झेंड्याच्या रंगाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. आईनं माझ्यासाठी दशम्या केल्या.

हैदराबादेत एका मंडपात टेबल होतं. तिथल्या बाईंनी फॉर्म घेतला, शाळेचं नाव वाचलं, शिक्का पाहिला आणि गठ्ठ्यात टाकला. ती ओळ त्यांनी वाचलीसुद्धा नाही. पुढे उभ्या असलेल्या मुलीला मी विचारलं, "तुमच्याकडे यादी बघितली का?" ती म्हणाली, "कसली यादी?" माझ्या झंपरला पिवळी फीत टोचली. मी पळाले. सहा जणींत सहावी आले. बूट नव्हे, पाय कमी पडले. पहिली आलेली मुलगी आडव्या अंगाची होती, तिच्यामागेही मला बैलगाडी वळण्याएवढी जागा दिसली. आमची ती असती तर त्या मुलीला मागं टाकलं असतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. तिलाही कळणार नाही. मी तिचं काय घेतलं, तर हे घेतलं.

परत आले तेव्हा ती शाळेत नव्हती. मावशीनं हसनाबादला पाठवून दिलं होतं. मधल्या वर्षांत तिकडून येणाऱ्यांकडून कानावर येई की स्थळं येतात आणि "शाळेतून का काढली" ते कळलं की परत जातात.

तिला मी एकदाच पाहिलं. पोलीस ॲक्शननंतरच्या हिवाळ्यात, भोकरदनच्या बाजारात. कचेरीवर नवा झेंडा होता, आणि वडील आता दार न लावता खादी घालत होते, त्यांच्याबरोबर मी कामाला गेले होते. ती ज्वारीच्या पोत्याशी उभी होती. कडेवर पाच-सहा महिन्यांचं मूल, काखेखालून घट्ट धरलेलं. मी वळणार तेवढ्यात तिनं हाक मारली.

"ओ मॉनिटरबाई!"

मी थांबले. तिनं मूल माझ्यासमोर उचलून धरलं.

"पोरगी हाय माझी. घ्या, लिवून घ्या."

आजूबाजूच्या बायका काही न कळता हसल्या. मला फक्त "चुकलं माझं" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "छान आहे." ती म्हणाली, "पळती दिसतेय. पाय बघा." आणि पोत्याकडे वळली. वडिलांनी विचारलं, कोण होती? मी म्हटलं, शाळेतली एक.

गेल्या महिन्यात शाळेकडून चिठ्ठी आली. दालनात फळा लावणार आहेत, शाळेचं नाव बाहेर नेणाऱ्या मुलींचा. सर्वांत वर, पहिली खेळाडू म्हणून, माझं नाव. लिहिण्यात काही चूक असल्यास पुढच्या महिनाअखेरपर्यंत कळवावी. खाली कोऱ्या दोन ओळी सोडल्या आहेत.

मी नेहमीप्रमाणे यादी केली. एक, भोकरदनची एसटी किती वाजता, ते विचारणे. दोन, तिथं तिचं घर शोधून, तिला भेटून बारा बहमनला मी काय सांगितलं नाही ते सांगणे. तीन, फळ्यावर नाव घालू का, तिला विचारणे. चार, चिठ्ठीच्या कोऱ्या ओळी भरणे.

एसटी सकाळी सव्वासातला आहे. पहिल्या कामावर रेघ मारली. आज महिन्याची अठ्ठावीस.